मराठीतून स्पॅनिशकडे: विद्यापीठात शिकायला निघालेल्यांसाठी

स्पॅनिशच्या पहिल्या तासाला फळ्यावर सर्वनामं येतात. यो म्हणजे मी. त्याच्याखाली तू. या तूचा अर्थ तू, उच्चारही तू, आणि त आपल्याच दंत्य त सारखा, दातांना जीभ लावून काढायचा. दोन्ही भाषा खूप मागे एकाच कुळातून निघाल्या, त्याची ही उरलेली खूण. बारावीनंतर स्पॅनिश घेऊ का, असं विचारायला जी मुलं येतात त्यांना मी आधी हा शब्द म्हणायला लावते. माझं सांगणं एकच आहे: मराठी मुलांनी स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नये, मराठीतून शिकावी. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं बहुतेक इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात. त्यांना जे अवघड जातं ते पानंच्या पानं समजावतात, आणि आपल्याला ते घरातच येत असतं. आपण जिथे अडतो ते मात्र अर्ध्या ओळीत उरकतात.

आधी ठरवा: भाषा हवी की पदवी?

या दोन वेगळ्या वाटा आहेत. नोकरीत बढतीसाठी, परदेशी ग्राहकांशी बोलण्यासाठी किंवा प्रवासासाठी स्पॅनिश हवी असेल तर अर्धवेळ सर्टिफिकेट आणि डिप्लोमा पुरतात. संध्याकाळचे वर्ग असतात, नोकरी किंवा दुसरी पदवी सांभाळून जमतं. तीन वर्षांच्या बीएमध्ये भाषा हा पाया असतो, पण दुसऱ्या वर्षापासून निम्मा वेळ साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र आणि भाषांतर यांत जातो. सोळाव्या शतकातलं गद्य वाचावं लागतं, कवितेची अक्षरं मोजावी लागतात, अर्जेंटिना आणि मेक्सिकोचा इतिहास लिहावा लागतो. वाचनाची आवड नसेल तर ही तीन वर्षं जड जातात, हे आधीच सांगते. आवड असेल तर मात्र पदवीच घ्या. सुमारे वीस देशांचं साहित्य एका भाषेत वाचायला मिळतं, आणि त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीसुद्धा आला.

कुठे शिकायचं

महाराष्ट्रात स्पॅनिशचे वर्ग पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक सर्टिफिकेट-डिप्लोमाचे. पूर्ण पदवीसाठी साधारणपणे बाहेर पडावं लागतं. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया, हैदराबादेत इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, ही नावं आधी बघा. बीएला बहुतेक ठिकाणी शून्यापासून शिकवतात, त्यामुळे आधी स्पॅनिश येत नाही म्हणून अर्ज करायचं टाळू नका. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाला सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोणते विषय निवडायचे, याचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. जागा थोड्या असतात.

दिल्लीला गेलात तर इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस हे स्पेन सरकारचं सांस्कृतिक केंद्र हाताशी येतं. ते दिल्लीत २००९ साली सुरू झालं. तिथलं ग्रंथालय, चित्रपट आणि व्याख्यानं यांचा पहिल्या सेमिस्टरपासून उपयोग करा.

गोव्यातल्या वाचकांना एक जादा सूचना. घरात आजी-आजोबांमुळे किंवा शाळेत पोर्तुगीज कानावर पडली असेल तर वाचन फार भराभर जमतं. पण बोलताना दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात. पहिले सहा महिने फक्त स्पॅनिश ऐका, पोर्तुगीज कुठे जात नाही.

पहिलं वर्ष: व्याकरण मराठीच्या वहीत

एक वेगळी वही करा. डाव्या पानावर स्पॅनिश वाक्य, उजव्या पानावर मराठी. इंग्रजी अजिबात नको. काही दिवसांतच काय दिसायला लागतं ते सांगते.

मला चहा आवडतो, मला भाकरी आवडते, मला आंबे आवडतात. इथे क्रियापद चहा, भाकरी, आंबे यांच्यामागे जातं, मला या शब्दाच्या मागे जात नाही. स्पॅनिशमध्येही हेच होतं: मे गुस्ता एल ते, मे गुस्तान लोस मांगोस. गुस्ताचं गुस्तान झालं ते आंबे अनेक आहेत म्हणून. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी या रचनेशी महिनाभर झगडतो, कारण त्याच्या भाषेत आवडणारा माणूस कर्ता असतो. तुम्हाला ती दोन मिनिटांत कळायला हवी.

आता कर्माचं बघा. मी घर बघते, पण मी मारियाला बघते. घराला प्रत्यय नाही, माणसाला -ला. स्पॅनिशमध्ये वेओ ला कासा, पण वेओ आ मारिया. माणूस आला की आधी एक आ लागतो. वर्गात याला व्यक्तिवाचक आ म्हणून मोठा नियम शिकवतात. तो नियम तुम्ही बोलायला लागल्यापासून पाळत आला आहात.

भूतकाळाचे दोन प्रकार सगळ्यांनाच घाबरवतात. त्यावर माझा उपाय साधा आहे. काल शाळेत गेलो, हे फुई. लहानपणी रोज शाळेत जायचो, हे इबा. मराठीत जिथे -यचो, -यची, -यचे येतं तिथे बहुतेक वेळा स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ बसतो. प्रत्येक वेळी नाही, पण सुरुवातीला एवढा दिवा पुरतो.

आणि ज्याला सगळे पहाड समजतात तो सबजंक्टिव्ह. तू यावंस असं मला वाटतं. यातला यावंस हा विध्यर्थ आहे, आणि किएरो के वेंगास यातला वेंगास त्याच कामाला लावलेला आहे. इच्छा, विनंती, शंका, गरज आली की मराठी क्रियापद आपलं रूप बदलतं. यावं, करावं, असावं. हे कान तयार असताना नुसते तक्ते पाठ करत बसू नका. आधी मराठी वाक्य म्हणा, -वं ऐकू आलं की थांबा, मग स्पॅनिश रूप शोधा.

मराठी जिथे फसवते त्या जागाही वहीत लाल शाईने लिहा. पहिली जागा म्हणजे आहे. आपल्या एका आहेला तिथे सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. एस लिस्तो म्हणजे तो हुशार आहे, एस्ता लिस्तो म्हणजे तो तयार आहे. एस आबुर्रिदो म्हणजे तो कंटाळवाणा आहे, एस्ता आबुर्रिदो म्हणजे तो कंटाळला आहे. कायमचं आणि तात्पुरतं अशी विभागणी पुस्तकं सांगतात, पण मेलेल्या माणसालाही एस्ता मुएर्तो म्हणतात आणि मृत्यू काही तात्पुरता नसतो. एस्तार म्हणजे बदलातून आलेली अवस्था, असं धरलंत तर कमी चुकाल.

दुसरी जागा -ने प्रत्ययाची. रामने भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, आंबे खाल्ले. आपलं क्रियापद कर्माच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये खाणारा राम असेल तर कोमिओ, भाकरी असो की दहा आंबे. तिसरी जागा लिंगाची. आपली तीन लिंगं, त्यांची दोन, त्यामुळे संकल्पना सोपी जाते, पण शब्दाशब्दाचं लिंग मराठीवरून ओढू नका. पाणी आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे स्त्रीलिंगी, आणि तरी एकवचनात त्याच्याआधी पुल्लिंगी एल लागतो: एल आगुआ फ्रीआ. विशेषण फ्रीआ, ते स्त्रीलिंगीच. चौथी जागा पोर आणि पारा. साठी आलं की पारा, मुळे आणि -तून आलं की पोर. एवढ्यावर तुम्ही पहिलं वर्ष काढाल.

भुकेचं वाक्य वेगळं पाठ करा. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे ती असते: तेन्गो आंब्रे.

उच्चारात तुम्ही पुढे आहात. त आणि द दातांचे, ञ चा उच्चार एन्ये (ñ) या अक्षराच्या जवळचा, र जिभेच्या टोकाचा. पेरो म्हणजे पण आणि पेर्रो म्हणजे कुत्रा, हा फरक आपल्या जिभेला कठीण नाही. घोटाळा होतो तो महाप्राण अक्षरांनी. खोता (j) हे अक्षर देवनागरीत ख ने लिहितो, पण तो घशात घासून काढायचा आवाज आहे, खडूतला ख नव्हे. व आणि ब यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच. एच कधीच उच्चारायचा नाही, म्हणून hola, म्हणजे नमस्कार, याचा उच्चार ओला.

शब्दसंग्रह वाढवताना

शब्द याद्यांनी पाठ होत नाहीत, नात्याने लक्षात राहतात. पोर्तुगीजांनी मराठीत ठेवलेला पगार घ्या. स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे चुकते करणं. बटाटा तिकडे पताता. पाव तिकडे पान. मग अरबांची वाट. इबेरियन द्वीपकल्पावर ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे मुस्लिम सत्ता होती, आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेले काही शब्द मुळात आपल्याच बाजूचे आहेत. शर्करेचं अरबीत सुक्कर झालं, स्पॅनिशमध्ये आसुकार. चतुरंगचं शतरंज आणि पुढे आखेद्रेस. नारंगीची नारान्खा. आणि माझा लाडका शब्द फुलानो, म्हणजे आपला फलाणा. आपण फलाणा-ढिमका म्हणतो, ते फुलानो, मेंगानो, सुतानो अशी तिघांची नावं घेतात. दोन्ही भाषांनी हा शब्द अरबीतून उचलला आहे.

ऐकण्यासाठी स्पेनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे, आरटीव्हीईचे, कार्यक्रम चालतात. पण पहिल्या वर्षापासून एक मेक्सिकन आणि एक अर्जेंटिनी आवाजही ऐकत चला. स्पेनच्या बऱ्याच भागात सेता (z) हे अक्षर जीभ दातांत धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत त्याचा सरळ स होतो. अर्जेंटिनात तू जाऊन वोस येतं आणि क्रियापदही बदलतं. स्पेनमध्ये कोखेर म्हणजे घेणं, बस पकडणं. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत तो अश्लील शब्द आहे. हे वर्गात लवकर सांगत नाहीत म्हणून इथे सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला द्विभाषिक शब्दकोश बाजूला ठेवा. रेआल आकादेमिआ एस्पान्योला ही १७१३ साली स्थापन झालेली संस्था, तिचा शब्दकोश महाजालावर मोफत आहे. स्पॅनिश शब्दाचा अर्थ स्पॅनिशमध्येच वाचायची सवय लागली की निबंध लिहिताना हात थबकत नाही.

साहित्याचा अभ्यास

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त बिचकतात. अभ्यासक्रमात मध्ययुगीन वीरकाव्य, १४९९ ची ला सेलेस्तिना, सेर्वांतेसची दोन भागांतली कादंबरी दोन किखोते (१६०५ आणि १६१५), सुवर्णयुगातली नाटकं अशी यादी दिसते आणि धडकी भरते. सुरुवात लासारिय्यो दे तोर्मेस या छोट्या पुस्तकाने करा. त्याचा लेखक अज्ञात आहे. १५५४ च्या त्याच्या प्रती आज उपलब्ध आहेत, आणि १५५९ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ते बंदी घातलेल्या पुस्तकांत टाकलं. लासारो नावाचा एक गरीब पोरगा एकामागून एका धन्याकडे राबतो, भुकेने शिकतो, आणि मोठेपणी स्वतःच आपली गोष्ट सांगतो. प्रस्तावना आणि सात प्रकरणं, बस्स. जुन्या भाषेची सवय लागते आणि माणसं ओळखीची वाटतात.

विद्यापीठात परीक्षेला येतो तो कोमेन्तारिओ दे तेक्स्तो, म्हणजे उताऱ्याचं विवेचन. चाळीस ओळी समोर ठेवतात. कुठला काळ, कुठला प्रकार, आशय काय, रचना कशी, भाषा काय काम करते, हे क्रमाने लिहायचं. आपल्याकडे रसग्रहण लिहिलेलं असतं, त्याची सवय इथे निम्मी उपयोगी आणि निम्मी घातक. कवीने सुंदर कल्पना मांडली आहे, असं लिहून गुण मिळत नाहीत. कोणत्या ओळीत, कोणत्या शब्दाने, हे दाखवावं लागतं. दर आठवड्याला एक उतारा घ्या, एका पानात लिहा, शिक्षकांकडून तपासून घ्या. एका सेमिस्टरमध्ये पंधरा होतात, आणि पंधराव्याला लेखणी वेगळी चालते.

कवितेचं छंदशास्त्र बघून घाबरू नका. स्पॅनिश कविता अक्षरं मोजते, लघु-गुरू नाही. म्हणजे ती आपल्या अक्षरगणवृत्तांपेक्षा ओवी-अभंगाच्या घराजवळ राहते. रोमान्से या लोकगीतांच्या ओळीत आठ अक्षरं असतात, आपल्या लहान अभंगाच्या चरणातही आठ. शेजारचे दोन स्वर गाताना एक होतात, त्याला सिनालेफा म्हणतात, आणि ओळीचा शेवटचा शब्द अंत्य अक्षरावर आघात घेत असेल तर एक अक्षर वाढवून मोजायचं, उपांत्यपूर्व अक्षरावर घेत असेल तर एक कमी. मी टाळ्या वाजवत मोजायला शिकवते. ज्यांनी घरी अभंग म्हटले आहेत ती मुलं पहिल्याच दिवशी चुकत नाहीत.

साहित्य वाचताना बाजूला इतिहासाची एक ओळ चालू ठेवा. १४९२ हे साल मनात कोरून घ्या: ग्रानादा हे शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, ज्यूंना हाकललं, कोलंबस निघाला, आणि नेब्रिखाचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण प्रसिद्ध झालं, चारही गोष्टी एका वर्षात. मग १९३६ ते १९३९ चं यादवी युद्ध, कवी लोर्काची हत्या, १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँकोचा मृत्यू, १९७८ ची राज्यघटना. स्पेनमध्ये कातालान, गालिसियन आणि बास्क या भाषांनाही त्यांच्या प्रदेशांत अधिकृत दर्जा आहे, म्हणून पुष्कळ लोक स्पॅनिशला कास्तेय्यानो म्हणतात. बेळगाव आणि गोव्याच्या भाषावादांची आठवण असलेल्या वाचकाला त्यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही.

लॅटिन अमेरिका म्हणजे शेवटच्या सेमिस्टरची पुरवणी नव्हे. साहित्याचं नोबेल मिळालेली पहिली लॅटिन अमेरिकन व्यक्ती चिलीची गाब्रिएला मिस्त्राल, १९४५ साली. भारताशी धागे शोधायचे असतील तर कवी ओक्ताविओ पास १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनी पद सोडलं. रवींद्रनाथांना स्पॅनिशमध्ये आणलं ते सेनोबिआ काम्प्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेस या दांपत्याने. प्रबंधाला विषय सुचत नसेल तर इथून खणायला लागा.

परीक्षा आणि प्रमाणपत्रं

डेले हे स्पॅनिश येत असल्याचं प्रमाणपत्र ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्यांवर मिळतं आणि त्याची मुदत संपत नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षी बी२ हे ध्येय ठेवा. बी२ ला वाचन-लेखन हा एक गट, श्रवण-संभाषण हा दुसरा, आणि प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. एका गटातली कमाई दुसऱ्याला पुरत नाही. आपली मुलं संभाषणात कमी पडतात ती शब्द नसतात म्हणून नव्हे, चुकायची भीती असते म्हणून.

स्पेनला जायचं असेल तर

बारावीनंतर थेट स्पेनमध्ये पदवीला जाणं लांबचं आहे. बारावीची समकक्षता तिथल्या शिक्षण मंत्रालयाकडून मिळवावी लागते, आणि तिकडची पदवी चार वर्षांची, २४० क्रेडिटची. माझा सल्ला भारतात बीए आणि तिकडे मास्टर, म्हणजे साधारण एक वर्ष, ६० क्रेडिट. एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात, वर्गाबाहेरचा धरून. गुण दहापैकी, पाचला पास, नवापासून पुढे सोब्रेसालिएन्ते, म्हणजे उत्कृष्ट. आपल्या ७५ टक्क्यांचं तिथे काय होतं, याची चिंता करू नका, विद्यापीठ रूपांतराचा तक्ता वापरतं.

सालामांका माझं आवडतं शहर आहे, हे लपवत नाही. विद्यापीठ १२१८ चं. तिथे शिकवणारे सोळाव्या शतकातले कवी फ्राय लुइस दे लेओन यांची वर्गखोली ओबडधोबड लाकडी बाकांसकट जपलेली आहे. इन्क्विझिशनने त्यांना १५७२ ते १५७६ तुरुंगात ठेवलं होतं. नदीवरच्या रोमन पुलाजवळ दगडी बैल आहे. त्याच बैलावर आंधळ्या धन्याने लासारोचं डोकं आपटलं. पुस्तक वाचून तिथे उभं राहिलं की पान समोर उलगडतं.

कागदपत्रांना तीन महिने आधी लागा. पदवी आणि गुणपत्रिकांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतरकाराचं भाषांतर, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र. स्पेनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. सहा महिन्यांहून अधिक राहणार असाल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, आणि राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत करायची.

नावाचं जपा. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. माझ्या एका अर्जात कारकुनाने वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून नोंदवलं, आणि पुढे ग्रंथालयाच्या कार्डावर, बँकेत, सगळीकडे मी वडिलांच्या नावाने ओळखली जाऊ लागले. दुरुस्तीला दोन महिने गेले. पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी ठेवा, आणि पावती तिथेच वाचून घ्या.

शाकाहारी असाल तर नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, कारण मिश्र सॅलडमध्ये ट्यूना असतो. मांस नको, मासा नको, खामोन (डुकराचं सुकवलेलं मांस) नको, असं तिन्ही म्हणा. जेवण दुपारी दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. आणि शिक्षकांना तू म्हणायचं. हे आपल्याला फार जड जातं. मला पहिला महिनाभर जमलं नाही. स्पेनमधले प्राध्यापक स्वतःच तसं सुचवतात, पण पत्र लिहिताना पहिल्यांदा उस्तेद, म्हणजे आदराचं तुम्ही, हेच वापरा. कोलंबियाच्या काही भागांत तर घरातही उस्तेद चालतं.

भाषांतर: शेवटच्या वर्षीचं काम

स्पॅनिशमधलं पुष्कळ साहित्य मराठीत आलं ते इंग्रजीवरून. शेवटच्या वर्षी एक काम हाती घ्या: लासारिय्योचं पहिलं प्रकरण थेट मराठीत करा. पंधरा-वीस पानं, रोज अर्धं पान. पहिल्याच वाक्यात तुम्ही अडाल. लासारो एका बड्या माणसाला उद्देशून बोलतो आणि त्याला वुएस्त्रा मेर्सेद म्हणतो, म्हणजे आपली कृपा. हाच शब्द झिजत झिजत उस्तेद झाला. मराठीत त्याला काय म्हणायचं? आपण हा शब्द फार शहरी वाटतो, हुजूर ऐकलं की मोगल दरबार दिसतो, मायबाप सरकार या शब्दांतली लाचारी लासारोच्या आवाजात पूर्ण बसत नाही, कारण तो आतून ताठ आहे. मी सध्या नुसतं सरकार लिहिलं आहे, पेन्सिलीने.